सहा हजारांची गिटार आणि तोरेसचा पुठ्ठा

मागच्या शनिवारी डोंबिवलीहून मामेभावाचा फोन. "दादा, गिटार घ्यायचीय. बजेट सहा हजार. कुठली घेऊ?" सहा म्हणजे सहाच, वर एक रुपया मिळणार नाही, असं मामाने बजावलेलं.

खरं तर हा प्रश्न मला विचारूच नये. माझी स्वतःची पहिली गिटार ठाण्याच्या घरी माळ्यावर धूळ खात पडली आहे. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला कल्याणच्या एका दुकानातून २८०० रुपयांना घेतली होती. काळी, चकचकीत, हीरोच्या हातात असते तश्शी. तीन महिन्यांत बोटं सोलवटली, एफ कॉर्ड काही केल्या वाजेना, आणि "आपल्यात सूर नाही" असा निकाल मी स्वतःवर लावून मोकळा झालो. दहा वर्षं तो निकाल कायम होता.

फोन ठेवला, ती गिटार खाली काढली आणि स्टीलची पट्टी लावून मोजलं. बाराव्या पडद्यावर तार तब्बल साडेपाच मिलिमीटर वर! असायला हवी अडीच-तीन. म्हणजे बग हार्डवेअरमध्ये होता आणि आम्ही दहा वर्षं युजरला शिव्या घालत होतो. च्यायला!

मग काय, अख्खा वीकांत वाचनात गेला. स्वस्त गिटारीत नेमकं काय स्वस्त असतं, हे शोधताना आधी भेटला आन्तोनिओ दे तोरेस. स्पेनचा सुतार. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार-उकार बराचसा ह्याने ठरवला. ह्या माणसाने १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या. फक्त वरची फळी चांगल्या स्प्रूसची, पातळ, आतून पट्ट्यांनी नीट आधार दिलेली. सांगायचं एवढंच होतं की आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, बाकीचा डोलारा दुय्यम. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. माझ्या मते कमी बजेटवाल्यांसाठी ह्याहून चांगला प्रयोग कुणी केलेला नाही. आणि आम्ही २८०० रुपयांत काय बघितलं? पॉलिश!

पण माझी गिटार आवाजाने नाही, दांडीने मारली. तोरेसच्या काळी तारा आतड्याच्या असत. पुढे अमेरिकेत पोलादी तारा आल्या. त्या स्वस्त, टिकाऊ आणि आवाजाला मोठ्या. सीअर्सच्या कॅटलॉगमधून काही डॉलरांत गिटारी पोस्टाने खेडोपाडी जायला लागल्या. गंमत अशी, की पोलादी तारांचा साधा संच मिळून सुमारे ७० किलोच्या जोराने दांडी ओढत असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस दिवसरात्र दांडीला लटकलेला. लाकूड वाकणारच. दांडी वाकली की तारा वर. ह्यावर उपाय म्हणजे दांडीच्या पोटात घट्ट-सैल करता येणारी लोखंडी सळई. त्याचं पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू ह्या माणसाने १९२३ मध्ये मिळवलं. माझ्या गिटारीत ती सळईच नाही. १९२३ चा पॅच, आणि आमच्या बिल्डमध्ये नाही!

आपल्याकडे तर आधी वेगळीच गिटार रुजली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारीचं वेड जगभर पसरलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताऊ मो हा वादक कलकत्त्यात राहिला, आणि ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार आपल्या मागच्या पिढ्यांना ओळखीची झाली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ब्रिजभूषण काब्रांनी वाजवलीय तीही अशी आडवीच. तिच्यात तार वरच हवी बरं का, कारण बोटाने दाबायचीच नसते, लोखंडी कांडी वरून सरकवायची असते. म्हणजे माझी गिटार मांडीवर घेतली असती तर कदाचित बरी वाजली असती.

मुंबईत उभी गिटार आली ती मुख्यतः गोवेकरांमुळे. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली ही पोरं धोबीतलावच्या जेर महालात आपापल्या गावच्या कुडांत उतरायची आणि बँडमध्ये, मग सिनेमात शिरायची. आमच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९४७ च्या 'शहनाई'त गिटार, माउथ ऑर्गन आणि सॅक्सोफोन एकत्र आणले, ते ह्याच वातावरणात. पण वाद्य मिळणं कठीणच होतं. ग्राहक-वस्तूंच्या आयातीवरची शेवटची बंधनं उठली १ एप्रिल २००१ ला. तोवर परदेशी गिटार म्हणजे कुणीतरी बोटीवरून आणलेली, नाहीतर देशी.

त्यात एक चीड आणणारी गोष्ट. ब्राझीलने शिसवी ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६९ मध्ये मार्टिन कंपनीने भारतीय शिसव वापरायला घेतलं. आजीच्या देव्हाऱ्याचं लाकूड तेच. लाखाच्या गिटारीला आपलं शिसव, आणि आपल्या गिटारीला प्लायवूड. असो. तोरेसच्या हिशेबाने पाठीला प्लायवूड चालतं, हीच काय ती समजूत.

रविवारी मेगाब्लॉक सांभाळत आम्ही दोघं धोबीतलावला गेलो. भाऊ थेट काळ्या चकचकीत गिटारीकडे. (खानदानी रोग.) मी खिशातून पट्टी काढली. दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा पट्टीकडे बघितलं आणि काही न बोलता स्टूल दिलं. काळी: सव्वाचार. दुसरी: चार. तिसरी एक साधी तपकिरी, नक्षी नाही की काही नाही: पावणेतीन, दांडीत सळई, खुंट्या न घसरणाऱ्या. वरची फळी मात्र प्लायवूडचीच, सहा हजारांत अख्खी स्प्रूसची फळी मिळाली नाही. ५३०० ला दिली. उरलेल्या सातशेत पातळ तारांचा एक जादा संच आणि पिशवी.

"दादा, काळी जास्त भारी दिसत होती," कुर्ल्यापर्यंत ऐकवत होता. घाटकोपरला गर्दी वाढली तशी गिटार डोक्यावरच्या रॅकवर गेली. ठाण्याला मी उतरलो. रात्री त्याचा फोन आला. बोटं दुखतायत म्हणाला, पण फोन मधे ठेवून त्याने एफ वाजवून दाखवला. सहापैकी चार तारा नीट वाजल्या.

माझी अजून माळ्याखालीच आहे. घोडीवरची पट्टी घासून तार किती खाली येते ते पुढच्या शनिवारी बघतो.