लाकूड, रूळ आणि फोटोत नसलेली माणसं

सध्या मला एक नवीन नाद लागलाय. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातले, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो बघायचा. जंगलतोड, लाकूड वाहणाऱ्या छोट्या रेल्वे, तंबू, लाकडी खोपटी, आणि मिशा पिळून उभी असलेली राकट माणसं. कामानिमित्त गेली दोन वर्षं मी सिएटलजवळ राहतोय, त्यामुळे फोटोतले डोंगर खिडकीतून दिसतात. फक्त फोटोतली झाडं आता दिसत नाहीत, कारण ती त्याच माणसांनी तोडली!

यातले सगळ्यात भारी फोटो डेरियस किन्सी नावाच्या माणसाचे. जन्म १८६९चा, मिझुरी राज्यातला. १८८९च्या सुमारास त्याचं कुटुंब स्नोक्वाल्मी या गावी आलं. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस एकच काम करत राहिला : भलामोठा कॅमेरा आणि काचेच्या जड प्लेट्स घेऊन जंगलात शिरायचं आणि लाकूडतोड्यांचे फोटो काढायचे. १९४० साली फोटो काढताना तो एका झाडाच्या बुंध्यावरून पडला आणि तिथे त्याचं काम थांबलं. १९४५ साली तो वारला.

फोटो कसे आहेत सांगतो. सीडरचं एक अवाढव्य झाड. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर त्याच्या खोडात खाचा पाडून फळ्या ठोकल्यात, आणि त्या फळ्यांवर दोन माणसं उभी. हातात दोघांनी मिळून ओढायची लांबलचक करवत. एवढ्या उंचावर का? तर बुंधा खाली फार रुंद असतो आणि राळेने भरलेला असतो, करवत अडकते. म्हणून वर चढून कापायचं. झाड पाडायच्या बाजूला आधी कुऱ्हाडीने मोठी खाच करतात. त्या खाचेत माणसं चक्क आडवी झोपून फोटोला पोज देतात! दुसऱ्या एका फोटोत कापलेल्या सीडरचा बुंधा पोखरून, त्यावर छप्पर घालून केलेलं राहतं घर आहे. नवीन वस्ती म्हणजे काय असते ते त्या एका फोटोत कळतं. आधी झाड पाडा, मग उरलेल्या बुंध्यात राहा.

आमच्यासारख्या इंजिनिअर लोकांना या फोटोंत यंत्रंही भरपूर. आधी हे ओंडके बैलांच्या जोड्या ओढायच्या, वंगण लावलेल्या आडव्या लाकडांच्या रस्त्यावरून. १८८१च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉन डोलबीअर याने वाफेच्या इंजिनावर चालणारा रहाट बनवला. लोक त्याला 'डाँकी' म्हणायचे. तारेचा दोर ओंडक्याला बांधा, वाफ सोडा, ओंडका झाडाझुडपांतून फरफटत तुमच्याकडे येतो. त्याच सुमारास इफ्रेम शे या लाकूड व्यापाऱ्याने डोंगरी रेल्वेचं इंजिन काढलं. साध्या इंजिनात दट्ट्याचा दांडा सरळ मोठ्या चाकांना जोडलेला असतो. 'शे' इंजिनात सिलिंडर एका बाजूला उभे बसवलेत, आणि एक लांब दांडा गिअरमधून सगळ्याच छोट्या चाकांना फिरवतो. वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा, पण चढ कसलाही असो, रूळ कितीही वेडेवाकडे असोत, गडी चढतो. सिलिंडर उजवीकडे, म्हणून तोल सांभाळायला बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला. समोरून फोटो बघितला तर इंजिन तिरळं दिसतं. मला तर ते डिझाइन जाम आवडलं.

आणि हे रूळ कायमचे नसायचेच. एक डोंगर साफ झाला की उखडायचे आणि पुढच्या डोंगरावर टाकायचे. त्यामुळे बऱ्याच मार्गांचा आज पुरावा काय, तर किन्सीचे फोटो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे फोटो कोण काढत होतं, हे मी वर सांगितलं. पण ते *तयार* कोण करत होतं? त्याची बायको, टॅबिथा. १८९६ साली त्यांचं लग्न झालं, मग सेड्रो-वूली या गावी स्टुडिओ आणि नंतर सिएटलला घर. डेरियस जंगलात, टॅबिथा घरच्या अंधाऱ्या खोलीत. तो प्लेट्स पाठवायचा, ती त्या धुवायची, प्रिंट काढायची आणि त्या पुन्हा कॅम्पकडे रवाना व्हायच्या. शिवाय घर आणि मुलं होतीच. धंद्याचा अर्धा भाग तिच्या हातात. पण नाव किन्सीचं, आणि किन्सी म्हटलं की लोकांना डेरियसच आठवतो.

धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. किन्सी काही इतिहासासाठी फोटो काढत नव्हता. कॅम्पवर जायचं, सगळ्या टोळीला झाडापुढे उभं करायचं आणि मग ज्याला हवी त्याला प्रत विकायची. म्हणूनच प्रत्येक चेहरा नीट दिसतो. जो चेहरा दिसणार नाही तो प्रत कशाला विकत घेईल? तेव्हा फोटोत कोण येणार हे नुसत्या कॅमेऱ्यावर ठरत नाही. बोलावतं कोण, पैसे कोण देतं आणि प्रत कोणाच्या भिंतीवर लागणार, यावर ते ठरतं.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की जुने फोटो वेगळेच दिसायला लागतात. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोंटरी इथे पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. अँड्र्यू रसेलने काढलेला तो फोटो जगप्रसिद्ध आहे : दोन इंजिनं समोरासमोर, बाटल्या उंचावलेल्या, हस्तांदोलन. पश्चिमेकडची सेंट्रल पॅसिफिक ही लाइन बांधणारे बहुतेक मजूर चिनी होते. दहा हजारांहून जास्त माणसं. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून, बर्फाखालून त्यांनी बोगदे काढले. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्यांइतक्या पगारासाठी संप केला, तर कंपनीने त्यांचं धान्य तोडलं. आठवड्याभरात संप मोडला. आणि त्या प्रसिद्ध फोटोत ते दिसत नाहीत. गंमत म्हणजे रसेलने त्याच दिवशी शेवटचा रूळ टाकणाऱ्या चिनी मजुरांचाही एक फोटो काढला होता. तो फारसा कुणाला माहीत नाही. म्हणजे फोटो निघाला, पण कुणी भिंतीवर लावला नाही.

कॅनडात तेच. ७ नोव्हेंबर १८८५ ला क्रेगेलाकी इथे डोनाल्ड स्मिथ शेवटचा खिळा ठोकतोय. पहिला खिळा त्याने वाकवलाच, मग दुसरा आणावा लागला. मागे उंच टोप्या, दाढ्या. ब्रिटिश कोलंबियातला डोंगर फोडायला आणलेले हजारो चिनी कुठेच नाहीत. त्याच वर्षी कॅनडाने चिनी माणसाच्या प्रवेशावर पन्नास डॉलरचा डोईपट्टी कर बसवला. काम झालं, आता या नका!

हे वाचून तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना.

सिएटलहून उत्तरेला दीड-दोन तासांवर बेलिंगहॅम आहे. किन्सीची झाडं जिथे चिरली जायची तशा गिरण्यांचं गाव. १९०७ साली या गिरण्यांत पंजाबहून आलेली माणसं काम करत होती. बहुतेक शीख, पण पेपरवाले सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणायचे. ४ सप्टेंबरच्या रात्री चार-पाचशे गोऱ्यांचा जमाव त्यांच्या खोल्यांवर चालून गेला. दारं फोडली, सामान रस्त्यावर फेकलं, मारहाण केली. कारण जुनंच : हे कमी पैशात काम करतात, आमच्या नोकऱ्या खातात. दोनेकशे माणसांना सिटी हॉलच्या तळघरात कोंडलं, म्हणे संरक्षणासाठी. काही दिवसांत सगळे गाव सोडून गेले. शिक्षा कुणालाही झाली नाही.

किन्सीचा तो अफाट संग्रह आज बेलिंगहॅमच्या व्हॉटकॉम म्युझियमकडे आहे. आणि या म्युझियमची सगळ्यात देखणी इमारत म्हणजे १८९२ साली बांधलेला तोच जुना सिटी हॉल. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. ज्या लाकडाचे फोटो ती संस्था जपते, ते लाकूड वाहणाऱ्या आपल्या माणसांनी एक रात्र त्याच इमारतीच्या तळघरात काढली.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे, त्यामुळे 'आमच्या नोकऱ्या खातात' हे वाक्य मला काही नवीन नाही. पण सरळ तुलना करायची नाहीये. माझ्या दारावर कुणी लाथ मारलेली नाही, आणि मारली तर फोन करायला पोलीस आहेत, वकील आहेत. त्यांना ते नव्हतं. हा फरक विसरून स्वतःला त्यांच्या रांगेत उभं करणं म्हणजे त्यांचा अपमानच.

आणि घाटातल्या आपल्या रेल्वेकडेही याच नजरेने बघायला हवं. १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा मार्ग बांधताना एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना आपण धबधबे बघतो, वडापाव खातो. त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?

उपाय काय, तर फोटो पुन्हा काढायचा. खरंच! कॉर्की ली नावाच्या न्यूयॉर्कच्या चिनी-अमेरिकन फोटोग्राफरने १० मे २०१४ रोजी, बरोबर १४५ वर्षांनी, प्रोमोंटरीला त्याच जागी फोटो काढला. या वेळी इंजिनांपुढे चिनी मजुरांचे वंशज आणि इतर आशियाई-अमेरिकन लोक उभे होते. ली २०२१ साली गेला, फोटो राहिला. बेलिंगहॅममध्येही २०१८ साली एक दगडी कमान उभी राहिली, तिथून हाकलल्या गेलेल्या चिनी, शीख आणि जपानी लोकांच्या आठवणीसाठी. उशिरा का होईना, पण झालं.

किन्सीचे फोटो मी अजूनही तितक्याच आवडीने बघतो. फक्त आता एक सवय लागलीये. आधी फोटोतली माणसं मोजायची, आणि मग विचारायचं, एवढं काम एवढ्याच माणसांनी केलं? तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत गिरणीतला, धरणावरचा, रेल्वेतला एखादा ग्रुप फोटो असेल तर एकदा असा मोजून बघा. आणि मागच्या बाजूला नावं लिहून ठेवा, जोवर सांगणारं कुणी घरात आहे.