जुन्या कॅसेटचा भाव

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम जपानात १९८३ साली निघाला. त्याच्या नकला आमच्या जाफराबादेत पोचेपर्यंत नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कार्ट्रिजला आम्ही कॅसेटच म्हणायचो. नवी घ्यायची ऐपत क्वचित. जुनी द्यायची, वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरी न्यायची, हाच खरा व्यवहार.

दुकानदाराकडे भावाचा कागद नसे. तो कॅसेट लावून बघायचा, चित्र फाटलं की पितळी पट्ट्या रबरानं घासायचा, मग आकडा बोलायचा. खरं तर आतली चिप टेपसारखी झिजत नाही. म्हणजे कॅसेट किती जुनी, याला फारसा अर्थ नव्हता. भाव ठरायचा तो पोराच्या कंटाळ्यावर. ‘९९९९ इन वन’ या आकड्याला तो हसायचा, कारण आत तेच मूठभर गेम नावं बदलून फिरत. एकटी ‘कॉन्ट्रा’ मात्र भाव खाऊन जायची. उन्हाळ्याच्या सुटीत वरचे पैसे चढायचे, जूनमध्ये शाळेची घंटा झाली की उतरायचे. कापसाच्या भावावर घरात रोज चर्चा ऐकणाऱ्या पोरांना हे शिकवावं लागलं नाही.

पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्लेस्टेशनच्या जुन्या डिस्कवर तशीच घासाघीस पाहिली, फक्त रबराऐवजी ओरखडे बघणारं भिंग. २०१३च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं नव्या एक्सबॉक्सवर जुन्या गेमच्या विक्रीला अटी घातल्या आणि गिऱ्हाइकांच्या संतापामुळे त्याच महिन्यात मागे घेतल्या. आता डाउनलोड केलेला गेम बदलून द्यायला दुकानच लागत नाही, कारण तो बदलताच येत नाही.