पाठीचा बाक, तळपायाचा दाब

इग्वानोडॉन या अजस्र प्राण्याला 1825 मध्ये नाव देणारे इंग्रज डॉक्टर गिडियन मँटेल अखेरची वर्षे पाठदुखीने बेजार होते. कण्याशेजारचा फुगवटा डॉक्टरांना गाठ वाटे. 1852 मध्ये कळा थांबवायला घेतलेली अफू जास्त झाली आणि ते गेले. शवविच्छेदनात गाठ निघालीच नाही. निघाला पिळवटलेला कणा. मणके आतून वळले होते, पण पाठीवर हाताला लागणारी त्यांची टोके जवळजवळ सरळ रेषेतच होती. भल्याभल्यांची फसगत झाली ती यामुळे.

हा कणा शल्यविशारद विल्यम ॲडम्स यांनी बारकाईने पाहिला. माणसाला कमरेतून पुढे वाकवले की पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या वर येतात, हे त्यांनी 1865 मध्ये मांडले. ना यंत्र, ना खर्च! पुढे अमेरिकेतल्या शाळांनी वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी हीच तपासणी उचलली. 1984 मध्ये विल्यम बनेल यांनी तिला उंचवट्याचा कोन मोजणारे साधन जोडले, गवंड्याच्या लेव्हलसारखे.

सरळ एक्स-रे का नको? बाकावर उपचार घेतलेल्या साडेपाच हजारांवर अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास 2000 साली छापून आला. प्रत्येकीचे सरासरी पंचवीसेक एक्स-रे झाले होते, आणि स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे पावणेदोन पट होते.

तळपायाच्या दाबावरून बाक ओळखता येईल का? हा दाब मोजण्याची वाट मात्र वेगळीच. पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एटियेन-ज्यूल मारे 1870च्या दशकात बुटाखाली हवेची पोकळी ठेवून चाल कागदावर उतरवत होते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे बधिर पाय पाहिलेले शल्यविशारद पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत गेले. तिथे रंगाच्या सूक्ष्म कुप्यांचे मोजे वापरात आले. दाब पडेल तिथे कुपी फुटे. मग संवेदक बसवलेल्या चटया आल्या, त्या मधुमेहींच्या पायांसाठीही.

कणा वाकला की धडाचा तोल सरकतो, म्हणजे दोन पायांवरचा भारही बदलावा, हा तर्क रास्त आहे. काही अभ्यासांत डाव्या-उजव्या पायाचा फरक आढळला, काहींत नाही. आखूड पाय किंवा सपाट तळव्यानेही असा फरक पडतो, ही खरी पंचाईत. नाहक धास्तावलेली मुले हा शालेय तपासणीवरचा जुनाच आक्षेप आहे; चटईनेही तो वाढू शकतो. उलट, वेळीच कळण्याचा फायदाही खरा: 2013च्या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत पाठीला आधार देणारा पट्टा वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्याला गेला नाही, बिनपट्ट्याच्या गटात 48 टक्क्यांचा. म्हणून चटई फार तर जोडीला ठेवावी. निदान ठरते ते कण्याचा बाक मोजणाऱ्या, किमान 10 अंशांच्या कॉब कोनावर, आणि तो एक्स-रेवरच मोजतात.