ब्राबांत प्रांतावरून गेलेली रेषा

1914 साली जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला, एवढेच बहुधा आपण वाचतो. व्यापलेल्या देशाचे पुढे किती तुकडे पडले हे फारसे कोणी पाहत नाही. आघाडीलगतचा प्रदेश व त्यामागील पिछाडीचा विभाग, ज्यात घेंट शहर मोडे, थेट सेनापतींच्या हुकमतीखाली होता. उरलेल्या मोठ्या भागावर ब्रुसेल्सहून गव्हर्नर-जनरलचा अंमल चाले. एका विभागातून दुसऱ्यात जाण्यास परवाना लागे. ऑक्टोबर 1916 मध्ये मजुरांना सक्तीने कामाला जुंपणे सुरू झाले, तेही प्रथम पिछाडीच्या विभागात. मेखेलेनचे आर्चबिशप कार्डिनल मर्सिए यांनी त्याविरुद्ध गव्हर्नर-जनरल फॉन बिस्सिंग यास लेखी निषेध पाठविला.

21 मार्च 1917 रोजी फॉन बिस्सिंगने भाषेच्या पायावर कारभाराचीच फाळणी केली. फ्लेमिश भागाचे ठाणे ब्रुसेल्स, फ्रेंच भाषकांचे नामूर. या रेषेने ब्राबांत प्रांत चिरला: ब्रुसेल्स व लूवेन एकीकडे, निवेल दुसरीकडे. मर्सिए यांचा महाधर्मप्रांत मात्र अँटवर्प व अखंड ब्राबांत मिळून झालेला होता. एकाच मेंढपाळाचा कळप दोन कारभारांत वाटला गेला.

फ्लेमिश लोकांचे गाऱ्हाणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. घेंटच्या विद्यापीठात त्यांच्या भाषेला स्थान नव्हते, आणि 1916 मध्ये ते दिले ते जर्मनांनी! तरीही परकीय सैन्याच्या हातून आलेला न्याय बहुसंख्य फ्लेमिश जनतेने स्वीकारला नाही. अनेक अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. काहींची रवानगी जर्मनीत झाली.

नोव्हेंबर 1918 मध्ये सैन्य परतले, रेषाही पुसली गेली. घेंटचे विद्यापीठ स्वदेशी कायद्याने फ्लेमिश होण्यास 1930 साल उजाडले.