हेलियमचा हट्ट

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. कोकणचा अभिमान मान्य करूनही म्हणावे लागते की तारखा जुळत नाहीत. त्या दिवशी जान्सेन गुंटूरला होता, पॉग्सन मच्छलीपट्टणला, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियर मात्र इंग्लंडात होता. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट त्याने घेतला तो ऑक्टोबरात, ग्रहण नसताना. आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नव्हे, या निष्कर्षाला तो पुढे आला. विजयदुर्गला तो आला हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. कट्ट्यांची आठवण त्या खेपेची असावी, असे माझे मत आहे.

१८९८ हे साल हेलियमच्या दृष्टीने दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचे. रॅम्झीला तीनच वर्षांपूर्वी हा वायू पृथ्वीवरच्या खनिजात सापडला होता. मे महिन्यात लंडनला ड्यूअरने उणे २५३ अंशांवर हायड्रोजनचा द्रव केला, आणि ज्ञात वायूंपैकी हेलियम तेवढा उरला. तो का बधत नव्हता?

फॅरेडेने १८२३ मध्ये क्लोरीन दाबून द्रव केला होता. पुढे बहुतेक वायू वश झाले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन असे सहा मात्र कितीही दाबले तरी वायूच राहिले. त्यांना ‘कायमचे वायू’ म्हणून मोकळे होण्यात आले. कोडे सुटले ते बेलफास्टच्या अँड्र्यूजमुळे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर असेल तर कोणत्याही दाबाने त्याचा द्रव होत नाही, हे त्याने १८६९ मध्ये दाखवले. हेच क्रांतिक तापमान. त्याचा पडताळा आज घरात आणि रस्त्यावर मिळतो. स्वयंपाकाचा सिलिंडर हलवला की आत द्रव हिंदकळतो, कारण प्रोपेन-ब्यूटेनचे क्रांतिक तापमान आपल्या उन्हाळ्याच्या बरेच वर आहे. रिक्षाच्या टाकीतला सीएनजी मुख्यतः मिथेन. त्याचे क्रांतिक तापमान उणे ८२ अंश, म्हणून दोनशेपट दाबातही तो द्रव होत नाही.

असे का, याचे उत्तर शाळामास्तराने दिले. योहानेस व्हान डर वाल्स हा लायडनच्या सुताराचा मुलगा. ग्रीक-लॅटिन येत नसल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षांचे दार त्याला बंद होते. नियम सैल झाल्यावर, हेगच्या शाळेत शिकवत असतानाच, १८७३ मध्ये पस्तिशी उलटल्यावर त्याने प्रबंध सादर केला. वायूच्या जुन्या सूत्रात त्याने दोनच दुरुस्त्या केल्या: रेणू थोडी जागा अडवतात, आणि रेणू एकमेकांना ओढतात. रेणू खरोखर असतात की नाही यावरच तेव्हा वाद चालू होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे धाडस कळते. ओढ जितकी जास्त तितके क्रांतिक तापमान वर. ओढ क्षीण असेल तर उष्णतेची धावपळ थोपवायला थंडीही तितकीच कडक हवी.

लायडनच्याच कामरलिंग ओनेसने या गणिताचा नकाशासारखा उपयोग केला. हेलियमच्या दाब-आकारमानाच्या मोजमापांवरून त्याने अंदाज बांधला की क्रांतिक तापमान केवल शून्याच्या पाच-सहा अंश वर असावे. (प्रत्यक्षात ते ५.२ निघाले.) १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून यंत्रे सुरू होती. संध्याकाळी भांड्यात द्रव साठला होता, पण कोणाच्या नजरेलाच येईना. प्रयोग पाहायला आलेल्या श्राइनेमेकर्स या प्राध्यापकांनी खालून उजेड टाकायला सुचवले, तेव्हा पृष्ठभागाची कड दिसली. सगळा मिळून ६० घनसेंटिमीटर. ज्या क्षीण ओढीमुळे हा वायू इतकी वर्षे हाती लागला नव्हता, तिच्यामुळेच त्याचा द्रवही विरळ होता: पाण्याच्या सुमारे एक अष्टमांश घनतेचा, प्रकाश जेमतेम वळवणारा.

ही ओढ येते कुठून, हे व्हान डर वाल्सला ठाऊक नव्हते. १९३० मध्ये फ्रिट्झ लंडनने पुंजभौतिकीने ते उलगडले. अणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजारच्या अणूतलेही त्याला साथ देतात, आणि दोघांत आकर्षण निर्माण होते. इलेक्ट्रॉनांचा पसारा मोठा आणि सैल असेल तर ही झुकण्याची क्रिया सोपी. झेनॉनजवळ ५४ इलेक्ट्रॉन, तो उणे १०८ अंशांना उकळतो. क्रिप्टॉन उणे १५३, आर्गॉन उणे १८६, निऑन उणे २४६. हेलियमचे दोनच, तेही केंद्राला घट्ट बिलगलेले; म्हणून उणे २६९.

ओनेसला त्याचा बर्फ करायचा होता. पंपाने तापमान आणखी खाली नेऊनही तो जमला नाही. त्याचा शिष्य केसोम याने १९२६ मध्ये, ओनेसच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, सुमारे पंचवीसपट दाब देऊन तो गोठवला. साध्या दाबाखाली हेलियम केवल शून्याच्या उंबरठ्यावरही द्रवच राहतो.