मसूर ते आटपाडी : एका वर्षाचे वाचन

गेले वर्षभर मी वाचनाला एक कुंपण घालून घेतले होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जन्मलेल्या, वाढलेल्या किंवा राहिलेल्या दलित-भटक्या माणसांनी जे लिहिले तेवढेच वाचायचे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून हा मुलूख मी एकच धरला. त्या वाचनाचा हा हिशेब.

कुंपण घालण्याचे कारण वर्गातले आहे. मी इतिहास शिकवतो. साताऱ्याचा इतिहास म्हटला की १७०८ चा शाहूंचा राज्याभिषेक, १८३९ मध्ये प्रतापसिंहांची पदच्युती, १८४८ मध्ये राज्य खालसा, आणि मग एकदम १९४३ चे प्रतिसरकार. हे सारे शिकवलेच पाहिजे. पण मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, यात आमची वस्ती कुठं येते?" तर त्याच्या हाती काहीतरी ठेवता आले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे तो प्रश्न त्याच्याइतकाच माझाही आहे.

सुरुवात बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'पासून केली. ही आत्मकथनपर टिपणे १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने आली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणे होतात, हार घातले जातात. त्या शाळेत या विद्यार्थ्याचे गोणपाट वेगळे होते आणि नळ सोडायला शिपाई नसेल तर तहान मारावी लागे, हे भाषणात क्वचितच येते. पुढच्याच वर्षी, १९०१ साली, खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांकडे चार मुले निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकून ती पुढे गेली. गाडीवान बाजूने चालत राहिला. रात्री टोलनाक्यावर घोटभर पाणीही मिळाले नाही. शाळेतली नोंद आणि मसूरची वाट यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. शिक्षणाचे दार उघडले आणि प्रश्न सुटला, असे मांडणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी हे एक वर्ष नीट वाचावे.

शंकरराव खरात आटपाडीचे, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातले. तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्यांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यात विहिरीतल्या प्रेताचे प्रकरण आहे. प्रेताची राखण वडिलांनी करायची, आणि ते वर काढायला विहिरीत उतरायचे तेही वडिलांनीच. सरकारी भाषेत या राबणुकीचे नाव वतन, म्हणजे जणू हक्कच! इंग्रजी मुलखात हे वतन १८७४ च्या कायद्याने बांधलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये दुरुस्तीचे विधेयक मांडले. गावची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. संस्थानाची हद्द वेगळी, पण तराळाचे काम तेच. या तीन सनावळ्या मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पहिल्या आणि शेवटच्या सनांत चौऱ्याऐंशी वर्षे आहेत. त्या वर्षांत माणसे काय करीत होती ते फळ्यावर येत नाही, खरातांच्या विहिरीत दिसते.

हे प्रकरण मी आजीला वाचून दाखवले. तिला अक्षरओळख नाही. ऐकून ती म्हणाली, "मढ्याचं न्हाई बाबा मला ठावं. पर तुझा आजा रातचा सरकारी टपाल घिऊन तालुक्याला जायचा. पावसात घोंगडं टपालावर, आन् ह्यो भिजत." आमच्या घराचा हा इतिहास मला तोवर कोणी सांगितला नव्हता, कारण कोणी विचारलाच नव्हता. पुस्तकाने तो बाहेर काढला.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. फलटणला लहानशा दुकानात बसून पुड्या बांधायला आलेली वर्तमानपत्रे ही बाई वाचीत असे. पुढे ती लिहू लागली आणि ते लिखाण तिने सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. पुस्तकात 'मी'पेक्षा 'आम्ही' जास्त आहे. सरपणाच्या मोळ्या विकणाऱ्या बाया आहेत, सासुरवासात पिचणाऱ्या कोवळ्या पोरी आहेत. गावाने महारवाड्यावर केलेला जुलूम ती सांगतेच, पण महारवाड्यातल्या पुरुषाने घरात केलेला जुलूमही झाकीत नाही. शिकून नोकरीला लागलेल्या आणि वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांनाही ती सोडत नाही. पगारदार प्राध्यापकाने हे पुस्तक वाचताना जपून बसावे.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना शाळा लाभली ती नावापुरती. १९५९ ची त्यांची 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. माझे काही सहकारी म्हणतात, कादंबरी हा पुरावा नव्हे. मान्य. फकिराने खजिना लुटला त्याची तारीख मी तिच्यातून घेणार नाही. पण मांगवाड्यावर सरकारी हजेरी लागते तेव्हा पोटासाठी रान धुंडाळणाऱ्या माणसाचे काय होते, हे गॅझेटियर सांगत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. त्यात कैकाड्याच्या पोराने शाळेत जाणे जातपंचायतीलाच खुपते. कागदावरचा कायदा आणि पालातले जगणे यांतली ही दरी पुढच्या संशोधकाने मोजायची आहे.

आता कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ही पुस्तके साहित्याच्या तासाला लावली जातात, तिथे आक्रोश, विद्रोह, बोलीभाषा एवढी चर्चा होते आणि प्रश्नपत्रिका संपते. ती इतिहासाच्या तासालाही आली पाहिजेत, कायद्याच्या कलमाशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. आणि ती हाताशी असली पाहिजेत. २०१७ पासून भिलार हे पुस्तकांचे गाव झाले, ते चांगलेच आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत ग्रंथालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. कागद असा जातो, आणि कागदावर न आलेली माणसे त्याहून लवकर जातात. वतन प्रत्यक्ष राबलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून यंदा माझे विद्यार्थी पुस्तकाबरोबर वही घेऊन आपापल्या वस्तीत जाणार आहेत. प्रश्न साधे आहेत. टपाल कोण नेत असे? वतनाची जमीन कुठली होती आणि सातबारावर आज कोणाचे नाव आहे? घरात पहिली सही कोणी केली, कोणत्या कागदावर? मी माझ्या वहीचे पहिले पान लिहिले आहे. त्यावर आजोबांचे नाव आहे आणि खाली एक घोंगडे.