गिटारचा शिक्षक कसा निवडावा?

गिटारच्या क्लासला नाव घालणारे अनेक जण काही महिन्यांतच ती सोडून देतात. 'बोटे दुखतात', 'वेळ मिळत नाही', 'मुलाला संगीतात गती नाही' अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. बऱ्याचदा खरी अडचण वेगळी असते. विद्यार्थ्याला जे वाजवायचे असते ते आणि शिक्षक जे शिकवत असतो ते, यांचा मेळच बसलेला नसतो. जुनी हिंदी गाणी गात गात वाजवण्याची हौस असलेल्या माणसाला सहा महिने नुसत्या स्वरपट्ट्या घोटाव्या लागल्या, तर तो कंटाळणारच. ज्याला बारकाईने वाद्य शिकायचे आहे, त्याला दर आठवड्याला एक नवे गाणे मिळत गेले तर त्याचाही पाया कच्चा राहतो. दोन्ही ठिकाणी शिक्षक चांगला असू शकतो आणि विद्यार्थी मेहनती असू शकतो. तरीही शेवटी 'मला जमत नाही' असा शिक्का विद्यार्थी स्वतःवरच मारून घेतो.

म्हणून 'गावातला सर्वांत चांगला गिटारवादक कोण' यापेक्षा 'या विद्यार्थ्याला कोणाची पद्धत मानवेल' हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो.

नाव एक, वाद्ये अनेक

'गिटार शिकायची आहे' एवढे सांगून शिक्षकाला फारसे काही कळत नाही. या एका नावाखाली निदान चार वेगळी वादने येतात.

क्लासिकल गिटार: हिच्या तारा नायलॉनच्या असतात आणि मान रुंद असते. उजव्या हाताच्या बोटांनी व नखांनी एकेक तार छेडली जाते. बसण्याची, पाय ठेवण्याची, मनगटाची पद्धत ठरलेली असते. स्पेनमधील फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) आणि आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) ही या परंपरेतील मोठी नावे.

अकूस्टिक गिटार: हिच्या तारा पोलादी आणि मान अरुंद असते. पिकने किंवा बोटांनी कॉर्ड वाजवत गाण्याला साथ करणे हा तिचा मुख्य उपयोग. आपल्याकडे बहुतेक नवशिक्यांच्या डोळ्यांसमोर हीच गिटार असते.

इलेक्ट्रिक गिटार: तारा पातळ आणि दाबायला हलक्या असतात, पण आवाजासाठी अॅम्प्लिफायर लागतो. रॉक, ब्लूज, जॅझ या शैलींत तार खेचून स्वर चढवणे, नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवणे, अशी तिची स्वतःची तंत्रे आहेत.

हिंदुस्थानी स्लाइड गिटार: ही मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी फिरवत वाजवतात. त्यामुळे पडद्यांचा अडसर न येता मींड घेता येते. ब्रिजभूषण काब्रा यांनी या वाद्यावर रागसंगीत लोकप्रिय केले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. विश्वमोहन भट्ट यांनी याच घडणीतून मोहनवीणा तयार केली आणि राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या चारही प्रकारांत हातांची ठेवण वेगळी आहे. एका प्रकारात तरबेज असलेला शिक्षक दुसऱ्या प्रकारात तितकाच तयार असेल असे नाही. त्यामुळे शिक्षक शोधण्याआधी तीन-चार आवडत्या गाण्यांची किंवा वादनांची यादी करावी. 'मला असे वाजवायचे आहे' म्हणून ती ऐकवली की पुढचे बोलणे सोपे होते. गिटारची खरेदीही शक्यतो या बोलण्यानंतरच करावी.

शिकवण्याच्या पद्धती

गाण्यापासून सुरुवात: पहिल्याच आठवड्यात दोन-तीन सोप्या कॉर्ड आणि त्यांवर बसणारे एक गाणे. उत्साह टिकतो, घरच्यांनाही काहीतरी ऐकवता येते. धोका एवढाच, की गाण्यांची संख्या वाढत जाते आणि ताल, बोटांची ठेवण, स्वरांची ओळख मागे पडते.

स्वरलेखन: पाच रेषांवरचे नोटेशन वाचायला शिकणे. सुरुवात संथ असते, पण एकदा वाचता आले की न ऐकलेली रचनाही कागदावरून वाजवता येते. पोर्तुगीजकालीन गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून हे शिक्षण मिळत असे. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांना मानाचे स्थान मिळाले, त्यामागे नोटेशन वाचण्याची ही तयारी हे एक मोठे कारण होते.

टॅब: सहा रेषा म्हणजे सहा तारा आणि रेषेवरचा आकडा म्हणजे दाबायचा पडदा. हे वाचायला फार थोडा वेळ लागतो. मात्र साध्या टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा हे नीट कळत नाही. त्यासाठी मूळ गाणे ऐकलेले असावे लागते.

कानाने शिकणे: शिक्षक वाजवतो, विद्यार्थी ऐकून तसेच वाजवतो. आपल्या गुरुमुखी परंपरेला ही पद्धत जवळची आहे. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांसाठी याच तत्त्वावर पद्धत बसवली: मूल मातृभाषा आधी ऐकून बोलते आणि वाचायला नंतर शिकते, तसेच वाद्याचे. ही पद्धत पुढे गिटारसाठीही वापरली जाऊ लागली.

परीक्षा: ट्रिनिटी कॉलेज लंडन, एबीआरएसएम आणि रॉकस्कूल या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा भारतातून देता येतात. त्यांत १ ते ८ अशा ग्रेड असतात. मराठी घरांना गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षा परिचित आहेत. त्यावरून याची कल्पना येईल. परीक्षेमुळे शिस्त लागते आणि ध्येय समोर राहते. पण वर्षभर फक्त परीक्षेच्या तीन-चार रचनाच वाजत असतील, तर प्रमाणपत्र हाती येते आणि मित्रांमध्ये बसून एक गाणे वाजवता येत नाही.

चांगले शिक्षक यांपैकी दोन-तीन पद्धती मिसळून वापरतात. भर कशावर आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

विद्यार्थी कोण आहे?

लहान मूल: सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला पूर्ण मापाची गिटार पेलत नाही, त्याला अर्ध्या किंवा पाऊण मापाची लागते. नायलॉनच्या तारा कोवळ्या बोटांना कमी बोचतात. मुलांना शिकवताना वादनापेक्षा धीर जास्त लागतो. रोज १५ मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदाच्या दोन तासांपेक्षा उपयोगी ठरतो आणि तो कसा करून घ्यायचा, हे शिक्षकाने पालकांनाही सांगायला हवे.

नोकरदार किंवा निवृत्त व्यक्ती: यांना आपल्याला काय ऐकायला आवडते ते नेमके माहीत असते, पण बोटे हळू वळतात आणि चूक झाली की संकोच वाटतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये बसवले तर तो संकोच वाढतो. मोठ्यांना शिकवण्याचा अनुभव आहे का, हे इथे महत्त्वाचे.

गाणारा किंवा पेटी वाजवणारा: याला सा-रे-ग-म येते आणि तो 'काळी एक', 'पांढरी चार' या भाषेत पट्टी सांगतो. शिक्षकाला ही भाषा कळत असेल तर अर्धे काम सोपे होते. उदाहरणार्थ, काळी एकमध्ये गाणाऱ्याला पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी कॉर्डचाच आकार वापरता येतो. एवढी सांगड घालून दिली, की आधीचे शिक्षण वाया गेल्यासारखे वाटत नाही.

डावखुरा: काही शिक्षक डावखुऱ्यांनाही उजव्या हाताची गिटार शिकवतात, काही उलट बाजूची घ्यायला सांगतात. याचा निर्णय खरेदीआधीच व्हायला हवा.

पहिल्या तासात काय पाहावे?

बहुतेक ठिकाणी एक तास आधी बसून पाहता येतो. फी लागली तरी तो घ्यावा आणि पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

शिक्षक आधी विचारतो की आधी वाजवतो? पहिल्या दहा मिनिटांत 'काय ऐकता, काय वाजवायचे आहे, रोज किती वेळ मिळेल' असे प्रश्न आले तर ते चांगले लक्षण. पूर्ण वेळ शिक्षकानेच वाजवून दाखवले, तर ती मैफल झाली, तास झाला नाही.

तो गिटार हातात घेऊन तपासतो का? तारा मानेपासून फार उंच असतील तर कोणाचीही बोटे दुखतील. अशी गिटार दुकानात नेऊन नीट करून घेता येते. हे न पाहता 'सवय होईल' म्हणणाऱ्या शिक्षकाकडे विद्यार्थ्याचे महिने फुकट जातात. बोटांच्या टोकांचे दुखणे साधारण दोन ते चार आठवड्यांत कमी होते, कारण तिथली कातडी जाड होते. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर मात्र हाताची ठेवण चुकलेली असू शकते. या दोन दुखण्यांतला फरक शिक्षकाला कळायला हवा.

चूक झाल्यावर काय होते? 'पुन्हा वाजव' एवढेच सांगणे पुरेसे नाही. चूक कुठल्या बोटामुळे झाली, की ताल सुटल्यामुळे, हे शिक्षकाने नेमके दाखवले पाहिजे.

घरी काय करायचे ते स्पष्ट झाले का? तास संपताना 'सराव करा' यापेक्षा 'या दोन कॉर्डमधील बदल सावकाश, मोजून, रोज दहा मिनिटे' असे काही हाती आले पाहिजे.

शिक्षकाला विचारण्याजोगा एक प्रश्न

अकूस्टिक गिटार शिकणाऱ्याला पहिली मोठी अडचण बहुधा एफ कॉर्डवर येते. यात पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबायच्या असतात आणि सुरुवातीला त्यातून नुसता ठक्क असा आवाज येतो. म्हणून शिक्षकाला सरळ विचारावे: 'एफ कॉर्ड जमत नसेल तर तुम्ही काय करता?'

उत्तरातून पद्धत कळते. कोणी आधी चारच तारांचा सोपा एफ देतो. कोणी एफ मेजर सेव्हनवर काम भागवतो. कोणी तोच आकार वरच्या पडद्यांवर करून घेतो, कारण तिथे तार दाबायला कमी जोर लागतो. कोणी कॅपो लावून गाणे दुसऱ्या कॉर्डमध्ये बसवतो. यांतले कोणतेही उत्तर चालेल. 'सगळ्यांना जमते, तुम्हालाही जमेल' एवढेच उत्तर आले, तर अडलेल्या विद्यार्थ्याला तिथे दुसरी वाट मिळण्याची शक्यता कमी.

याशिवाय फी महिन्याची की तासांची, चुकलेला तास भरून मिळतो का, बॅचमध्ये किती जण असतात, हेही आधीच विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

ऑनलाइन, बॅच की एकट्याने?

व्हिडिओ पाहून गाण्याच्या कॉर्ड सहज कळतात. पण व्हिडिओला विद्यार्थ्याचे वाकलेले मनगट दिसत नाही. समोरासमोरच्या ऑनलाइन तासात ते दिसू शकते, मात्र आवाज उशिरा पोहोचत असल्याने शिक्षकासोबत एकाच वेळी तालात वाजवता येत नाही. शक्य असेल तर पहिले दोन-तीन महिने प्रत्यक्ष शिकून मग ऑनलाइन वळणे सोयीचे ठरते. बॅचमध्ये फी कमी पडते आणि सोबत वाजवण्याची सवय लागते, पण आठ-दहा जणांत प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष देणे शिक्षकाला अवघड जाते.

शिक्षक बदलणे गैर आहे का?

तीन महिने नियमित सराव करूनही काही उमगत नसेल, तर आधी शिक्षकाशी मोकळेपणाने बोलावे. 'सर, मला गाण्याला साथ करायची आहे, त्या दिशेने काही घेता येईल का?' एवढे विचारल्यावर अनेक शिक्षक शिकवण्याचा क्रम बदलतात. तरीही मेळ बसला नाही तर आभार मानून दुसरीकडे जावे.

गुरू बदलणे म्हणजे अनादर, ही भावना आपल्याकडे खोल रुजलेली आहे. त्यामुळे बरेच जण दुसरा शिक्षक शोधण्याऐवजी वाद्यच बंद करतात. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ अशा वेगवेगळ्या गुरूंकडून विद्या घेतली. त्यामुळे त्यांच्या गुरुनिष्ठेला कुठे बाधा आली नाही. एका शिक्षकाकडून हात बसवून घेणे आणि दुसऱ्याकडून शैली शिकणे, हे गिटारच्या बाबतीतही तितकेच स्वाभाविक आहे.

निवड बरोबर झाली की नाही, हे ओळखण्याची खूण साधी आहे. तास नसलेल्या दिवशीही, कोणी न सांगता, विद्यार्थी गिटार हातात घेऊ लागला असेल, तर पद्धत त्याला मानवली आहे.